पायरी तिसरी : घरातलं माणूस

डोंबिवली (पूर्व)
१८ जानेवारी १९८७

ती. भागीताईस,
सहदेवाचा साष्टांग नमस्कार.

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती आधी नोंदवतो, कुशल मग विचारतो. तुझं संक्रांतीचं पुडकं मिळालं. त्यात तिळाच्या वड्या आणि रतनबाईंची पुस्तिका ही दोन भिन्न प्रकृतीची द्रव्ये एकाच कागदात, मध्ये साधा आडपडदाही न ठेवता, नांदत होती. परिणाम व्हायचा तो झाला. पुस्तिकेने तेल प्यायलं आणि वड्यांना सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास लागला. चौथ्या पानावर 'भीती अनावर झाल्यास' या शब्दांपुढचा सगळा मजकूर पारदर्शक झाला आहे. भीती अनावर झाल्यास काय करावं, हे आता फक्त तिळालाच ठाऊक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आणि उभा जन्म लोकांना पुडकी पाठवण्यात घालवलेल्या मामेबहिणीकडून ही अपेक्षा नव्हती.

वड्या उत्तम होत्या. शाईसकट संपल्या.

पुस्तिका वाचली. तू लिहितेस त्यावरून मला समजलं ते असं. नौपाड्यातल्या या रतन कारखानीस प्रबंध लिहितायत. प्राण्यांना आणि पक्ष्यांना भिणारी माणसं गोळा करायची आणि त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला बाई स्वतः समोर बसवून, धीर देत देत, त्या भीतीजवळ नेणार. दुसऱ्याच्या हाती ही पुस्तिका देणार आणि घरी बसून आपलं आपण करा म्हणणार. शेवटी कोण जास्त सुधारलं ते मोजणार. तू पहिल्या गटात, पालींसाठी. माझं नाव मला न विचारता दुसऱ्या गटात घातलंस, कारण 'तो काही ठाण्याला यायचा नाही'. निदान अचूक आहे. पंचविशी-तिशीतल्या मुलीसमोर बसून 'बाई, मला कावळ्याची भीती वाटते' असं म्हणणं मला जमणार नाही. गंमत एवढीच, की तीस वर्षं मुलांना सांगत आलो, संस्कृत गाइडवरून येत नाही, ते गुरूसमोर बसून घ्यावं लागतं. आता बावन्नाव्या वर्षी स्वतःच गाइड घेऊन बसलो आहे.

थट्टा पुरे. बारा महिने तेरा काळ डोक्यावर छत्री धरणाऱ्या माणसाला शाळेत 'छत्रीसर' म्हणतात. मला हे माहीत आहे हे मुलांना माहीत नाही, म्हणून आमचं बरं चाललं आहे. सुमती होती तोवर कशाचंच अडलं नाही. रस्त्याने जाताना ती न बोलता झाडांच्या बाजूला व्हायची आणि मी दुकानांच्या. गॅलरीतले कपडे ती काढायची. आता ते घरातच वाळतात.

वैशाखात तिला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला गच्चीत कावळ्याचं पान ठेवायचं असतं. आम्हांला मूलबाळ नाही, तेव्हा ते मीच ठेवायचं. आणि असतं तरी मीच ठेवलं असतं. गेल्या वर्षी दहाव्याला कल्याणच्या खाडीवर जे झालं ते पुन्हा व्हायला नको. त्याबद्दल लिहीत नाही. तू तिथे होतीस.

यजमानांना नमस्कार.
तुझा,
सहदेव

---

नौपाडा, ठाणे
२७ जानेवारी १९८७

चि. सहदेवास,
अनेक आशीर्वाद.

तक्रार पोचली. वड्या संपल्या ना, मग खटला निकालात.

अरे, रतनबाई काही तुला खाणार नाहीत. साधी मुलगी आहे, साडीला रोज वेगळी पिन लावते आणि मधेच चहा विसरते. दवाखाना म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पालीची भीती शंभरात किती वाटते? मी म्हटलं, शंभराच्या वर काही आहे का? तर हसल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मग टेबलाच्या पार त्या टोकाला झाकणाची बरणी ठेवली. आत ती. मी खुर्चीवर पाय घेऊन बसले. बाई म्हणाल्या, "ताई, पळायचं नाही एवढंच. भीती चढते आणि चढली की आपोआप उतरते. तुम्ही दर वेळी ती उतरायच्या आधीच उठून जाता, म्हणून तुम्हांला कळतच नाही." आणि स्वतःचा हात बरणीवर ठेवून बसल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. खोटं नाही सांगत, अर्ध्या-पाऊण तासाने मला कंटाळा आला. पालीचा कंटाळा येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता बरणी पुष्कळ जवळ आली आहे. हे म्हणतात, महिनाभरात तिला हळदीकुंकवाला बोलावशील.

तू शनिवारी शाळा सुटली की ये. गट बदलता येतो का ते मी विचारते. आणि दहाव्याचं मनात धरून बसू नकोस. झालं ते झालं. कावळा शिवला ना शेवटी? मग.

दोन वेळा नीट जेवतोस का, हे लिहायचं तू शिताफीने टाळतोस.

तुझी,
भागीताई

---

डोंबिवली (पूर्व)
१५ फेब्रुवारी १९८७

ती. भागीताईस,
सा. न.

जेवतो. सकाळी वरण-भात, रात्री सकाळचा वरण-भात. एकच पदार्थ, दोन विभक्ती.

गट बदलायचा नाही. तुला कंटाळा येईपर्यंत धीर देणाऱ्या बाई मिळाल्या, मला पुस्तिका मिळाली. ज्याचं त्याला. शिवाय माझी प्रगती तुझ्या बरणीपेक्षा वेगवान आहे. ऐक.

पायरी पहिली : पक्ष्याचं चित्र पाहणे. शाळेतून पक्ष्यांचा तक्ता आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगला. पहिले दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवलो, मग कडेने, आता समोरासमोर जेवतो. पुस्तिकेत म्हटलं आहे, भीतीला रोज आकडा द्या. मास्तरच्या हातात गुणपत्रिका दिल्यावर दुसरं काय होणार. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला नापास केलं आणि दुसऱ्यात ग्रेस मार्क देऊन वर चढवलं.

पायरी दुसरी : पीस हातात धरणे. हे जड गेलं. पीस मिळवायला आधी खाली वाकावं लागतं, आणि झाडाखाली वाकलेल्या माणसाची टाळू सर्वांत उघडी असते हे मी वयाच्या सातव्या वर्षी शिकलो आहे. राजापूरला आपल्या मागील दारच्या फणसाखालची ती चोच तुला आठवत असेल. तू हळद दाबली होतीस. तर पीस आणलं, पंचांगात ठेवलं, आणि आता पंचांग उघडताना फारसं काही होत नाही.

पायरी तिसरी इथे जशीच्या तशी उतरवतो. 'घरातल्या माणसाला खिडकीशी उभं राहून पक्ष्याला खाऊ घालायला सांगा. आपण त्या माणसाच्या मागे उभे राहा. घरातलं माणूस न घाबरता उभं आहे, इकडे लक्ष द्या.'

मी हे दोनतीनदा वाचलं. पुस्तिका चांगली आहे, विचार करून लिहिलेली आहे. फक्त प्रत्येक घरात एक माणूस जादा असतं, असं लिहिणारीने धरलं आहे.

म्हणून आमच्या इमारतीचं पाणी सोडतात त्या काळुरामना वर बोलावलं. संवाद तुझ्या माहितीसाठी देतो.

"नल गलतोय काय सर?"

"नाही. खिडकीशी उभं राहून जरा कावळ्याला पोळी घालायची होती."

"कोनाचा सराद हाय?"

"कोणाचं नाही."

"मंग कावल्याला कशाला बलवताय? बिनकामाचा पावना."

पण घातली बिचाऱ्याने. मी मागे उभा राहिलो. कावळा आला, पोळी घेऊन गेला. भीती शंभरात चाळीस. मला पुस्तिका मानवली असं रतनबाईंना कळवायला हरकत नाही. त्यांच्या प्रबंधाला एक चांगलं उदाहरण मिळेल.

तुझा,
सहदेव

---

नौपाडा, ठाणे
२ मार्च १९८७

चि. सहदेवास,
आशीर्वाद.

लबाडा.

हे परवा मोहन्याला रेयॉन कंपनीतल्या जुन्या सोबत्याकडे गेले होते. येताना तुझ्याकडे उतरले, तू शाळेत होतास. जिन्यात काळुराम भेटले. ह्यांनी सहज विचारलं, सर कावळ्याला पोळी घालतात म्हणे? तर ते म्हणाले, "पोली मी घातली. सर न्हानीत व्हते, कडी लावून. बाहेरून मीच वरडून सांगितला, गेला म्हनून." आणि म्हणाले, सगळ्या खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. ह्यांनी खाली उतरून बघितलं. स्वयंपाकघराचीसुद्धा.

मी रागावले नाही. रागावले होते, पण मग हे म्हणाले, "अगं, तू तरी कुठे बरी झालीस?" ते खरं आहे म्हणून तेही लिहिते. रतनबाईंच्या खोलीत मी पालीला केरसुणीवर घेऊन खिडकीबाहेर सोडली. टाळ्या वाजवायला बाईंशिवाय कोणी नव्हतं, नाहीतर वाजल्या असत्या. आणि त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यामागे एक दिसली तर मी हातातली कढई तशीच टाकून शेजारच्या विमलाबाईंकडे जाऊन बसले. हे म्हणतात, दवाखान्यातली पाल शिकलेली असते. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं, माझ्याशेजारी जे जमतं ते घरी एकटीने पुन्हा करावं लागतं. आता रोज संध्याकाळी मी ओट्याशी खुर्ची टाकून बसते आणि हे शेजारी पेपर वाचत बसतात. मदत काही करत नाहीत. पण बसतात.

म्हणून म्हणते, ये. तुझं पुस्तक वाईट नाही. पण खिडकी बंद करून ते वाचण्यात काय अर्थ आहे, सांग मला. आणि अंधारात राहतोस, रे.

तुझी,
भागीताई

---

डोंबिवली (पूर्व)
२९ मार्च १९८७

ती. भागीताईस,
सा. न.

चार आठवडे पत्र नाही, याचं कारण वार्षिक परीक्षेचे पेपर, हे सांगितलं असतं. पण काळुराम तेही बाहेर काढतील.

न्हाणीघराची गोष्ट खरी आहे. वर्तमानपत्रांची पण. समोरच्या बदामावर कावळ्यांच्या जोडीने घरटं बांधायला घेतलं आहे. काटक्या, तारा, कुणाच्या तरी पडद्याच्या कड्या. दोघं मिळून आणतात. दिवसभर माझ्या गॅलरीपासून पाच हातांवर त्यांचं बांधकाम चालतं आणि मी आत दिवा लावून बसतो. सुमती असती तर म्हणाली असती, त्यांनी जागा विचारून घेतली का बघा. ती असं काहीतरी म्हणायची आणि मी हसत घरातून बाहेर पडायचो.

पुस्तिका तिसऱ्या पायरीवर अडकली आहे. चौथी, पाचवी वाचून ठेवल्या आहेत, पण पायऱ्या गाळायच्या नाहीत असं पहिल्याच पानावर बजावलेलं आहे, आणि छापलेलं मोडायची मला सवय नाही. घरातल्या माणसाशिवाय पुढे कसं जावं ते त्यात कुठेच नाही. तुझ्या तिळाने भिजवलेल्या पानावर असलं तर नकळे.

वैशाख महिन्यावर आला. पुढच्या शनिवारी येतो. मुक्कामाला नाही. छत्री असेल, त्यावर बोलू नये.

तुझा,
सहदेव

---

डोंबिवली (पूर्व)
१९ एप्रिल १९८७

ती. भागीताईस,
सा. न.

काल तुझ्याकडून जेवून निघालो तेव्हा फारसं बोललो नाही. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा आमटीची स्तुती केली. जे बोलायचं ते लिहिणं मला सोपं जातं, तेव्हा लिहितो.

रतनबाईंकडची ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा चपलांच्या दुकानावर बसून पिसं, मग पिंजऱ्यातलं कबूतर असं झालं, ते तुला ठाऊकच आहे. काल त्या म्हणाल्या, "सर, आज बाहेर जाऊ," आणि मला चेंदणीच्या कोळीवाड्यात खाडीवर घेऊन गेल्या. तिथे जवळा वाळत घातलेला होता. एवढे कावळे मी दहाव्यानंतर पाहिले नव्हते. वासाबद्दल काही लिहीत नाही. शाकाहारी माणसाचं ते धाडस वेगळ्या पुस्तिकेत घालावं लागेल.

बाईंनी माझी छत्री मागितली. नुसती मागितली, ओढली नाही. मी दिली. त्या माझ्या आणि कावळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, मग थोड्या वेळाने शेजारी आल्या. जवळा राखत बसलेली शेवंती नावाची कोळीण आमच्याकडे पाहून पोट धरून हसली.

"मास्तर, कावल्यांना भिता? मी त्यांना सकालपासून शिव्या देतंय, त्यातला येक जात नाय."

"त्यांना सवय झाली असेल," मी म्हटलं.

"आता तुमची पन होईल," ती म्हणाली, आणि ओंजळभर जवळा माझ्या पायापाशी फेकला.

ते आले, ताई. अगदी बुटाशी. मला काय झालं ते सांगत नाही, तू पालीवरून ओळखशील. पण मी उभा राहिलो. बाई शेजारी होत्या आणि घड्याळाकडे पाहत नव्हत्या. खूप वेळाने उतरली. नव्वदावरून तीस. या वेळी ग्रेस मार्क नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "सर, आत्ता या क्षणी, काय होईल असं वाटतंय? चोच मारेल असं?" मी हो म्हणणार होतो. तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, "मी इथे उभा आहे म्हणून तो खाणार नाही."

बाईंना कळलं नाही. खाली तर तो खात होता.

तुला कळेल. दहाव्याला पिंड ठेवून मी मागे आलो आणि तिथेच उभा राहिलो होतो, छत्री उघडून. कावळे शेडवर बसून राहिले. खाली येईनात. शेवटी तुझ्या यजमानांनी माझ्या खांद्याला धरून मला रिक्षाकडे नेलं. नंतर तू आलीस आणि म्हणालीस, "तू वळलास आणि शिवला बघ लगेच." सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं असावं, असं सगळ्यांनी धरलं.

तू वळलास आणि शिवला. ताई, मी हे वाक्य वर्षभर वाचतो आहे. तिची इच्छा एवढीच होती की मी तिथून जावं. तेवीस वर्षं ती माझ्या आणि झाडांच्या मध्ये चालली, आणि शेवटी तिला मी मोकळ्या जागेतून बाजूला व्हायला हवा होतो. मी तिच्यावर रागावलेलो नाही. कोणालाही कंटाळा येईल. तुला तर अर्ध्या-पाऊण तासात पालीचा आला. पण म्हणून पान मीच ठेवायचं आणि मीच तिथे उभं राहायचं, हे मी ठरवलं होतं. मी उभा असताना तो शिवला, तर तिने मला तिथे उभं राहू दिलं असं होईल. एवढ्यासाठी ही सगळी खटपट. कावळ्याची भीती जावी म्हणून नव्हे. ती मी पंचेचाळीस वर्षं सांभाळली, आणखी वीस सांभाळली असती.

बाई म्हणतात, माझं नाव आता त्यांच्या कुठल्याच गटात बसत नाही. अर्धा पुस्तिकेचा, अर्धा त्यांचा. प्रबंधातून गाळावं लागेल. मी म्हटलं, गाळा, मला सवय आहे.

तुझा,
सहदेव

---

नौपाडा, ठाणे
२४ एप्रिल १९८७

चि. सहदेवास,
आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. वाचता वाचता मला पुढे जाता येईना, उरलेलं ह्यांनी वाचलं.

सहदेवा, कावळा शिवला नव्हता.

तू गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. ते शेडवर बसले होते, तसेच बसले. एक खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि परत वर गेला. मग सगळ्यांनी बोलायला सुरुवात केली. तुझ्या धाकट्या मेहुण्याने सांगितलं, भाऊजींना आम्ही अंतर देणार नाही. कोणी म्हटलं, तिच्या साड्या तिच्या बहिणींना देऊ. गुरुजी म्हणाले, अजून काही राहिलं असेल तर बोला. मीपण पुढे गेले आणि म्हटलं, सुमती, ह्याच्या जेवणाखाण्याकडे मी बघीन. कशालाच आला नाही. ऊन डोक्यावर आलं, घाटावर मागे दुसरी माणसं ताटकळत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

तू रिक्षात डोळे मिटून बसला होतास. हे म्हणाले, त्याला शिवला म्हणून सांग. तुझा चेहरा बघून मला वाटलं, उशीर झाला म्हटलं तर हा विचारत बसेल, किती उशीर, का उशीर. म्हणून मी 'लगेच' घातलं. आणि 'तू वळलास' का घातलं, ते मला आता आठवत नाही. खरं वाटावं म्हणून असेल. म्हटलं, दर्भाचा केला असं कळलं तर हा संस्कृतवाला माणूस वर्षभर, तिचं काय राहिलं, काय राहिलं, करत बसेल. त्यापेक्षा हे बरं.

तू दुसरंच घेऊन बसलास. आणि मी तुला दर पत्रात विचारते काय, तर जेवलास का.

सुमती तुला हाकलणारी नव्हती. हे मी बहीण म्हणून नाही सांगत. हळदीकुंकवाला तुमच्याकडे आले की ती चार बायका सोडून गॅलरीत जाऊन बघायची, तू कोपऱ्यावर आलास का, आणि तिकडे झाडावर काही बसलंय का. मला तेव्हा हसू यायचं.

रागावला असशील तर तसं लिही. नाही लिहिलंस तरी तिथीच्या आदल्या दिवशी मी येणार आहे. स्वयंपाक मी करीन. न्हाणीची कडी ह्यांना काढून ठेवायला सांगते.

तुझी,
भागीताई

---

डोंबिवली (पूर्व)
३ मे १९८७

ती. भागीताईस,
सा. न.

दर्भाच्या कावळ्याला शास्त्राचा आधार आहे, तेव्हा त्या बाजूने माझी हरकत नाही. 'लगेच' या अव्ययाला कसलाही आधार नव्हता, हे मात्र नमूद करून ठेवतो. तुझ्यावर रागावलेलो नाही. दोन दिवस होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझ्यावर रागावून फिरायला गेलो आणि परत आल्यावर लक्षात आलं, छत्री घरीच राहिली होती.

काचांवरची वर्तमानपत्रं काढली. काही ओल्या फडक्यानेही निघत नाहीत, तिथे गेल्या वर्षीच्या बातम्या राहतील. घरट्यात पिल्लं आहेत. या दिवसांत ते डोक्यावर येतात हे मी तुला सांगायला नको. रोज सकाळी मी गॅलरीत उघड्या डोक्याने उभा राहतो. पहिल्या दिवशी आला, केसांना पंख लागला. आत पळालो नाही. दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि रतनबाईंच्या सांगण्याप्रमाणे भीती उतरायची वाट पाहिली. उतरली. दुसऱ्या दिवशी लवकर उतरली. आता मी पोळीचा तुकडा कठड्यावर ठेवतो, एक जण येऊन नेतो आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघतो, वर्गात उत्तर येत नसलेला मुलगा बघतो तसा. तिसरी पायरी मी गाळली, बाईंना सांग. त्यांना हवं तर लिहू दे की शेवटचं काम यानेच एकट्याने केलं, पण आधी कोणीतरी शेजारी उभं राहिलं होतं. कुठल्या रकान्यात ते बसतं ते त्यांनी बघावं.

तर पान मी ठेवीन. ठेवून मागे सरणार नाही. त्याबद्दल आता शंका नाही.

शंका दुसरीच आहे. तुझं पत्र आलं त्या रात्री मला पहिल्यांदा हलकं वाटलं. तिने मला घालवलं नव्हतं. मग सकाळी तू म्हणतेस तेच सुरू झालं, काय राहिलं होतं. बसून आठवायला गेलो. काशी? ती कधी म्हणाली नाही. तळमजल्यावरची जागा? ती मला हवी होती. तिच्यासाठी म्हणून जे जे आठवलं ते माझंच निघालं. तिला काय हवं होतं ते मला सापडत नाही, ताई, आणि आता विचारणार कोणाला.

पण हेही सोसता येईल. जे सोसता येणार नाही ते रतनबाईंना सांगता आलं नाही, त्यांच्या शंभराच्या पट्टीवर त्याला जागा नाही. तुला सांगतो.

शास्त्राप्रमाणे बाराव्याला सगळं संपतं. वर्षाच्या पानाला कावळा आला काय, न आला काय, त्याला तसला अर्थ नाही. हे मी इतरांना समजावून सांगितलेलं आहे. तरी तुझ्या पत्रापासून माझ्या मनात बसलं आहे, की तिचं काहीतरी राहिलंय, म्हणजे ती अजून थोडी इथे आहे. काय राहिलंय ते मला कळलं नाही तरी चालेल. सकाळी चहा टाकताना मी आता गप्प नसतो. काहीबाही बोलतो. गेलं वर्षभर बोलत नव्हतो, कारण मला वाटत होतं तिला ते नको आहे.

गुरुवारी मी पान ठेवीन, आणि या घराजवळचे कावळे आता मला ओळखतात. ते येणार. मीच त्यांना सवय लावली. तोंडाने मी 'ये, ये' म्हणेन आणि मनातून म्हणत असेन, शिवू नको. तिची सुटका होऊ नये असं म्हटल्यासारखंच ते. असं म्हणणारा नवरा तिला मिळायला नको होता, पण मिळाला.

तू शेजारी उभी राहा. काही बोलू नको. आणि स्वयंपाक झाला, गुरुजी गेले, की लगेच ठाण्याला निघू नको, जमलं तर दोन दिवस राहा. तो आला आणि शिवला, तर त्यानंतर गच्ची उतरून मला घरात जायचं आहे, आणि आत कोणीच नसेल. मला त्याची भीती वाटते.

तुझा,
सहदेव